फुली

आठवडाभर मी फरश्या वाजवून बघतो.
डाव्या तळव्यावर फरशी, उजव्या बोटाचं पेर,
एक टिचकी.
खणखणली तर पुढे,
बद्द वाजली की लाल मेणखडूने फुली.
रास अल खैमाच्या कारखान्यात अकरा वर्षं
पगार घेतो तो माझा कान.

रविवारी पहाटे मात्र वाडीच्या कोरड्या पात्रात उभा असतो.
इथे वाडी म्हणजे पाणी निघून गेलेली नदी.
आमच्या कुडाळकडे वाडी म्हणजे
माणसं निघून गेलेली चार घरं.
गोटे तेवढे दोन्हीकडे सारखे.

दोऱ्या बांधून आखलेली वाट.
गाफच्या झाडाला वळसा, मग फळ्या, मग वाळू,
मग तो चढ, जिथे सायकल चालतच नाही.
उतरायचं, तिला खांद्यावर घ्यायचं, पळायचं.
फोनवर ऐकून बायको म्हणाली होती,
‘म्हणजे पैसे भरून हमाली.’

मी त्रेचाळीसचा. सायकल तिसऱ्या मालकाची.
शिट्टी वाजली की माझ्याही आधी सुटतो तो,
माझ्याच आवाजाचा, माझ्याच खडूचा माणूस.
वळणावर ब्रेक लावलास. फुली.
फळीला चाक अडकलं. फुली.
श्वास ऐक, बद्द वाजतोय. फुली.
गुरुवारी रात्री पुन्हा भात का वाढून घेतलास?
सगळ्या शर्यतीत धाप न लागणारा
तो एकटाच.

तिसऱ्या फेरीत वाळूने पुढचं चाक गिळलं.
मी हँडलवरून गेलो, अगदी सावकाश,
पडता पडता विचार करत.
दातांखाली करकर. साखळी निघालेली.
एक फेरी जास्त मारून आलेले मागून
‘डावीकडे, डावीकडे’ ओरडत गेले,
त्यात सत्तरीचे हेर डीट्रिख, पांढऱ्या मिशा, स्वच्छ मोजे.

आता तो बोलेल, म्हणून मी वाट पाहिली.
बोललाच. लांबलचक बोलला.
पण माझे हात साखळीत होते,
बोटं काळ्या तेलात एकेक दात चाचपत होती,
आणि लक्षात आलं,
हातांना त्याचं काही ऐकू येत नाही.

दोरीपलीकडे फेऱ्या लिहायला बसलेला हुमैद,
असेल नऊ वर्षांचा, गालात खजूर.
त्याने माझा नंबर पाहिला, कागद पाहिला,
आणि बोटं दाखवली. दोन.
शाबास नाही, अरेरे नाही.
दोन राहिल्यात.
इतकी स्वच्छ नोंद
मी कुठल्या फरशीचीसुद्धा केलेली नाही.

खरं तर इतक्या मागे पडलेल्याला थांबवतात.
बिजू शिट्टी घेऊन उभा होता,
पण तो नेमका तेव्हाच बुटाची नाडी बांधायला वाकला.

चौथी फेरी. चढ.
सायकलची नळी खांद्याच्या हाडात रुतलेली,
आणि पाठीवर तो, होताच.
म्हटलं, बोल बाबा, बोल हवं तेवढं,
पण पाय वर धर, माझ्या पायात येतात.

शेवटून दुसरा आलो.
शेवटच्याचं चाक पंक्चर होतं.

खोल्यांच्या मागे अंगणात सायकल धुतली.
हे सगळं अंगण फुलीच्या फरश्यांचं.
कुणाचा कोपरा उडालेला, कुणाला केसाएवढी चीर,
रंग एकीचा एकीला लागत नाही.
भिंतीकडेच्या काहींवर अजून माझा खडू आहे.
यांच्यावरून अकरा वर्षं पाणी गेलं,
यांच्यावर कॅरमची स्टुलं सरकली, ईदची पातेली उतरली,
मुलगी नर्स झाल्याचा फोन आला त्या रात्री
आर्नेल यांच्यावरच अनवाणी नाचला.

गुडघ्यावरचं रक्त धुताना, सवयीने,
पायाजवळची एक वाजवून पाहिली.
बद्द.
तिच्यावरच उभा राहून
चाक फिरवत राहिलो, पाणी सोडत राहिलो.
वाळू अजून थोडी थोडी निघतेच आहे.